पिवळं कुलूप कुणी काढलं

३ नोव्हेंबर, सोमवार

कोऱ्या पानांनो, सभेत 'मित्रहो' म्हणते तशी आज तुमच्यापासून सुरुवात करते. तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. आपल्यासमोर येणारा प्रत्येक जण काय सांगायचं ते घरून ठरवून येतो. मनातलं जसंच्या तसं कुणी आणत नाही.

आज आमच्या धुलाई कारखान्यात दिवसभर हेच झालं. मी घड्यांच्या टेबलाशी गेले की बोलणं बंद. चादरी झटकल्याचा तेवढा आवाज. मी पुढे सरकले की मागे पुन्हा कुजबुज. युनियनची सरचिटणीस आहे मी, साहेबांची हेर नव्हे.

शनिवारी काय झालं ते आधी नीट लिहून ठेवते. नंतर लोक त्यात मीठमसाला घालतील, कदाचित मीसुद्धा.

आमचा वाळवणीचा ड्रम खोलीएवढा मोठा. दवाखान्यांच्या चादरी त्यात वाळतात. त्यांचा कापूस सुटून मागच्या जाळीत बसतो, तो माणसानं आत शिरून काढायचा. आत जाण्याआधी बाहेरचा मेन स्विच बंद करायचा, त्याच्या कडीत आपलं कुलूप अडकवायचं आणि किल्ली गळ्यात घालायची. मशीनवर जितकी माणसं, तितकी कुलपं. प्रत्येकाचा रंग वेगळा. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. शेवटचं निघत नाही तोवर ड्रम हलत नाही. कुलूप एक, किल्ली एक. या नियमासाठी मी गेटवर घसा फोडलाय.

शनिवारी कडीत दोन कुलपं होती. काळं मिस्त्रीचं, तो बाहेरच्या बाजूनं पट्टा बदलत होता. पिवळं बारकीचं. (साफसफाईवाली. अंगानं बारकी म्हणून बारकी.) मिस्त्रीचं काम झालं, आपलं काळं काढून तो बॉयलरकडे गेला. थोड्या वेळानं ड्रमवाल्यानं पाहिलं, कडी रिकामी. त्यानं बटण दाबलं. बारकी आत होती.

किंकाळी ऐकून त्यानंच बंद केलं, म्हणून जीव वाचला. उजवा हात मोडला. बोटं पुन्हा चालतील का, डॉक्टर सांगत नाहीत.

पिवळं कुलूप स्विचच्या पेटीवर सापडलं. उघडलेलं, तोडलेलं नाही. आणि किल्ली बारकीच्या गळ्यात!

मग उघडलं कुणी? कारखान्यात तारेनं कुलूप उघडता येणारा माणूस एकच. कुणाची खणाची किल्ली हरवली की मिस्त्रीलाच बोलावतात.

साहेब म्हणाले, "युनियन त्याच्या मागे नसेल तर आजच काढतो आणि पोलिसांत देतो. बोला." मी म्हणाले, सभा घेऊन सांगते. ११ तारखेला, मंगळवारी सभा.


४ नोव्हेंबर, मंगळवार

गेटवर बोलले. चांगलं बोलले. "ज्याला घरात नीती नाही त्याला कामावर कुठून येणार?" या वाक्याला टाळ्या पडल्या.

मिस्त्री लग्नाची बायको सोडून दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहतो, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. बापाच्या अंत्ययात्रेला गेला नाही. तोंड उघडलं की शिवी. अशा माणसाबद्दल ठरवायला वेळ लागत नाही. लागायला हवा का? लागला नाही, एवढं खरं.

दुपारी मी आणि भावोजींनी त्याला समोर बसवून विचारलं. (भावोजी म्हणजे ताईचे यजमान, वाळवणी विभागाचे सुपरवायझर. कारखाना त्यांना 'काका' म्हणतो.) मिस्त्री म्हणाला, "माझं कुलूप मी काढलं. दुसऱ्याच्या कुलपाला मी हात लावत नाही."

संध्याकाळपर्यंत हे वाक्य सगळीकडे पसरलं. चहाच्या खोलीत ड्रमवाला म्हणाला, "कुलपाला लावत नाही म्हणे! दुसऱ्याच्या घरात घुसताना काय कडी वाजवून गेला होता?" सगळे हसले. मीही हसले.

भावोजी तेवढे हसले नाहीत. कुणाच्या पडत्या काळात हसायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. म्हणाले, "धाकटे, जरा सांभाळून बोलत जा. त्यालाही पोट आहे."

बाबा गेल्यावर मला शिकवलं ते या माणसानं. माझी पहिली पुस्तकं यांनी आणली. चांगलं कशाला म्हणतात ते मी पुस्तकात नंतर वाचलं, घरात आधी पाहिलं.


५ नोव्हेंबर, बुधवार

बारकीला भेटले. उशाशी सफरचंदं. "काकांनी आणली," तिची आई म्हणाली. "रोज येतात. मला रोज घरी सोडतात. मुलगा करणार नाही एवढं करतात."

मी बारकीला विचारलं, "कुलूप लावलं होतंस ना?"

"लावलं होतं."

"मग तुझं काही चुकलेलं नाही. कुणी काढलं ते मी शोधणार."

ती एकदम म्हणाली, "बाई, कुणाला कामावरून काढू नका हो."

"मिस्त्रीनं दम दिलाय का तुला?"

"तो कशाला दम देईल? तो आलाच नाही."

"मग?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. आईनं माझ्या हातात सफरचंद दिलं आणि म्हणाली, "खा, आणि जा आता. ती दमलीय."

मोडलेल्या हाताच्या बाईला राग नाही? राग नाही आणि भीती आहे. ही कोणाची भीती? मिस्त्रीची नाही, मग साहेबांची? साहेबांनी काहीतरी कबूल केलंय का तिच्या आईला? या कारखान्यात भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा विश्वास ठेवू नये.


६ नोव्हेंबर, गुरुवार

ताईकडे जेवायला. भावोजी अर्ध्या पानावरून उठले. दमले असतील.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज किल्ली घरी विसरले. सभेतली वाक्यं डोक्यात घोळवत निघाले, किल्ली खिळ्यालाच राहिली. आमची कुलपं फळीवर मिटलेली टांगलेली असतात, किल्लीशिवाय काढताच येत नाहीत. घडी घालायचं मशीन नेमकं आजच अडकलं. कुलूप लावल्याशिवाय आत हात घालता येईना. मी नुसती उभी.

शेजारची चष्मेवाली काम करता करता सहज म्हणाली, "मग काकांकडनं घ्या ना."

आणि तिचे हात थांबले. टेबलावरच्या सगळ्यांचे थांबले.

"काय घ्यायचं काकांकडनं?"

"काही नाही. परवानगी. घरी जाऊन यायची."

मी तिला चादरींच्या गाड्यामागे नेलं. सभेत शंभर माणसांना बोलतं करते मी, एक चष्मेवाली काय अवघड? पण ती रडायलाच लागली. मग सांगितलं.

भावोजींच्या खणात सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्या आहेत. फार दिवसांपासून. कुणी किल्ली विसरलं की त्याला परत पाठवावं लागतं, दिवस बुडतो, म्हणून त्यांनी एकेकाची किल्ली बनवून घेतली. कुणाला बोलले नाहीत, कुणाकडून काही घेतलं नाही. नुसती दया.

"सगळ्यांच्या?"

"तुमची सोडून."

"माझी का नाही?"

चष्मा पुसत म्हणाली, "तुम्ही भाषण केलं असतं."

मी विचारलं, "म्हणजे पिवळं कुलूप—"

"मी काही पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीच पाहिलं नाही. पण बाई, माझी पोर आजारी होती तेव्हा काका दवाखान्यात बसून होते. तिचा बाप नव्हता बसला. आणि तो मिस्त्री! आज इथे आहे, उद्या दुसरीकडे. त्याच्यासाठी रडायला कोण आहे?"

"अगं, चूक कुणाची ते बघायचं ना?"

"माणूस कोण आहे ते बघायचं असतं," ती म्हणाली आणि कामाला गेली.

म्हणजे कुजबुज यासाठी होती. मला वाटत होतं सगळे मिळून मिस्त्रीला लपवतायत. ते भावोजींना लपवत होते, तेही माझ्यापासून. सगळ्यांना माहीत होतं, बारकीलाही.

किंवा चष्मेवाली खोटं बोलतेय. मिस्त्रीनं तिला हाताशी धरलं असेल. असेल ना? असावं, असं मला फार वाटतंय. म्हणूनच या शंकेवरही मला शंका आहे.


८ नोव्हेंबर, शनिवार

मिस्त्रीकडे गेले. बॉयलरच्या खोलीत पाना घेऊन बसला होता. वर पाहिलं नाही.

"या बाई. आज गेट नाही मिळालं वाटतं भाषणाला?"

मी गिळलं. विचारलं, "दुसऱ्या किल्ल्यांचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि गप्प बसलात?"

"गप्प कुठे? साहेबांना जाऊन सांगितलं होतं. म्हणाले, सोयीचं आहे, कशाला खाजवता. काकांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तुझीही बनवून ठेवतो. मी म्हटलं, माझ्या कुलपाच्या वाटेला जाल तर हात मोडीन. उद्धट ठरलो. तुम्हाला सांगितलं नाही, कारण ते तुमचे भावोजी. ही तेवढी माझी चूक."

"मग मंगळवारी आमच्यासमोर का नाही बोललात? भावोजी समोरच बसले होते."

आता त्यानं पाना खाली ठेवला.

"किल्ली कुणाकडे असते ते मला माहीत आहे. त्या दिवशी कुलूप कुणी उघडलं ते मी पाहिलं नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न पाहिलेलं सांगून मी माणूस लटकवत नाही. ते तुमचं काम."

मी म्हणाले, "तुमची नोकरी जातेय. पोलिसांत देतील तुम्हाला."

"देतील. म्हणून मला जे दिसलं नाही ते दिसायला लागेल का?"

निघताना न राहवून विचारलं, "तुमच्या पहिल्या बायकोची विचारपूस तरी करता का कधी?"

"नाही," तो म्हणाला. "त्या बाबतीत मी हलकट आहे. तुमचं भाषण बरोबर होतं तिथपर्यंत."

मला हा माणूस आवडत नाही. आजही नाही. त्याच्या बोलण्यात एक जागा मात्र सापडली नाही जिथे बोट ठेवता येईल, आणि मी शोधत होते.


९ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून वाचायचा प्रयत्न केला. कपाटातल्या जाड पुस्तकांत नीतीला दोन वेगळे शब्द आहेत. एक, माणसाच्या आतली नीती: दया, माया, उपकार जाणणं, खोटं न बोलणं. दुसरी, कामाची नीती. ती एकट्याची नसते. दहा जणांनी मिळून मान्य केलेली असते, आणि दहाही जण तिच्या भरवशावर ड्रमच्या आत शिरतात. पुस्तकं म्हणतात, दोन्हींत गल्लत करू नका. मी हे कितीदा वाचलंय, खाली रेघा मारल्यात. गेटवर उभी राहिले आणि नेमकी गल्लत केली. वर टाळ्या घेतल्या.

सोप्या शब्दांत, भावोजी चांगले आहेत. मिस्त्री चोख आहे.

चांगल्या माणसाला आपण विचारतच नाही, की तू आत वाकून पाहिलंस का? त्याला विचारणं म्हणजे त्याचा अपमान. आणि वाईट माणसाला विचारतो, पण उत्तर ऐकत नाही. दोघांकडूनही आपल्याला खरं कळत नाही. बारकी मात्र हात घेऊन पडून आहे. तिला ना याच्या चांगुलपणानं वाचवलं, ना त्याच्या वाईटपणानं मोडलं. वाचवलं असतं ते एका कुलपानं.

हे सगळं इथे लिहिणं सोपं आहे. चार वाजता ताईकडे गेले.

भावोजी मागच्या अंगणात खुर्ची दुरुस्त करत होते, शेजारच्यांची. मी आडवळणं घेतली नाहीत. "पिवळं कुलूप तुम्ही काढलंत?"

त्यांनी हातोडी बाजूला ठेवली. घरात ताई भांडी लावत होती, तिकडे एकदा पाहिलं.

"लहान मुलांच्या वॉर्डातून फोन आला होता, धाकटे. चादरी संपल्या होत्या. आजारी पोरं नुसत्या रबरावर निजवली होती त्यांनी. ती नर्स रडत होती फोनवर. मी कडीकडे पाहिलं, एकटं पिवळं. बारकीला मी जरा आधी चहाच्या खोलीकडे जाताना पाहिलं होतं. वाटलं, विसरली कुलूप. ती नेहमी विसरते. हाकही मारली मी."

"आत वाकून पाहिलं?"

"नाही."

"का?"

"ती बाहेर आहे असं वाटलंच होतं ना मला."

बारकी तिकडे झाडू आणायला गेली होती आणि लगेच परत आली होती, हे त्यांना नंतर तिच्याकडूनच कळलं. कुलूप कडीत होतं म्हणून निर्धास्त आत शिरली. नियमाप्रमाणे.

मी म्हणाले, "भावोजी, त्या माणसाला पोलिसांत देतील."

"माहीत आहे गं. झोप लागत नाही." खरंच डोळे आत गेलेत. "मी सांगणार होतो. पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण सगळे म्हणायला लागले मिस्त्री, मिस्त्री... आणि तूही गेटवर..."

हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नाही. त्यांना टोचता येत नाही. पण टोचलं.

"मंगळवारी सभेत मी सांगतो," ते म्हणाले. "माझं मला सांगू दे. तू सांगितलंस तर मी चोर ठरेन. मी सांगितलं तर निदान माणूस राहीन. तुझी बोलायची पाळी मला दे."

मी दिली.

ताई पदराला हात पुसत दारात आली. "काय चाललंय दोघांचं?"

"युनियनचं," भावोजी म्हणाले.

"रविवारीसुद्धा युनियन? अगं, आता पुरे कर. जेवून जा."

जेवले. भावोजींनी स्वतः वाढलं. परत येताना वाटेत मला एक शंका आली. आपण पाळी त्यांना दिली ती त्यांच्यासाठी, की आपल्याला ताईसमोर उभं राहायला नको म्हणून? उत्तर टाळलं. मग स्वतःला समजावलं, की ज्या माणसानं मला दिलेला शब्द आयुष्यात कधी मोडला नाही, त्याच्यावर एवढा विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?


१० नोव्हेंबर, सोमवार

सभेआधी भाषण लिहिलं नाही, असं पहिल्यांदाच.


११ नोव्हेंबर, मंगळवार

भावोजी उभे राहिले. म्हणाले, "चूक माणसाच्याच हातून होते. बारकीचं पुढचं सगळं मी बघेन. मिस्त्री आपलाच माणूस आहे. त्याला माफ करा, त्याची नोकरी घालवू नका." आणि बसले.

केवढ्या टाळ्या! चष्मेवाली डोळे पुसत होती. अध्यक्षांनी त्या टाळ्यांतच हात वर करायला सांगितले. मिस्त्रीला माफी मिळाली. माझा तेवढा हात खाली होता.

मिस्त्री उठला. "कशाची माफी?" एवढंच विचारलं. तो निघून गेला.

दारात भावोजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ धाकटे, कुणाचंच वाईट झालं नाही." त्यांना तसंच वाटत होतं. मनापासून.

पुरे झालं लिहिणं. ऊठ. कारखाना निरीक्षकाची कचेरी सकाळी उघडते. ताईच्या गल्लीतून जाऊ नकोस, सरळ तिथे जा. पिवळं कुलूप कुणी काढलं ते सांग. 'भावोजी' म्हणू नकोस, नाव घेऊन सांग.